पीसी की मॅक : कोल्हापुरात हा प्रश्न उशिरा का आला

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत एकच चर्चा असते : विंडोजचा लॅपटॉप, मॅकबुक, की त्याच पैशात तगडा डेस्कटॉप? अमेरिकेत पीसी की मॅक हा वाद 1984 पासूनचा. कोल्हापुरात मात्र वर्षानुवर्षं प्रश्न एवढाच होता : असेंबल्ड की कंपनीचा?

याचं मूळ 12 ऑगस्ट 1981 ला आलेल्या आयबीएम पीसीत आहे. आयबीएमला घाई होती, म्हणून तिने बाजारात मिळणारेच भाग वापरले. प्रोसेसर इंटेलचा. ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची, आणि ती इतरांना विकायचा हक्कही मायक्रोसॉफ्टकडेच राहिलेला. आयबीएमची अशी खास मालकी उरली ती बायोस या, संगणक सुरू होताना यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टीम जोडून देणाऱ्या छोट्याशा प्रोग्रामवर. कॉम्पॅकने त्याची नक्कल न करता तसाच चालणारा बायोस नव्याने लिहून घेतला आणि 1983 पासून आयबीएमशी जुळणारे संगणक विकायला काढले. पुढच्याच वर्षी फिनिक्स या सॉफ्टवेअर कंपनीने असा बायोस हवा त्या कंपनीला द्यायला सुरुवात केली. मग पीसी कोणा एकाचा राहिलाच नाही.

ॲपलने 24 जानेवारी 1984 ला आणलेला मॅकिंटॉश याच्या नेमका उलट : यंत्रही आमचं, सॉफ्टवेअरही आमचं. मध्ये दोनेक वर्षं दुसऱ्या कंपन्यांना मॅक बनवायचे परवाने दिले, पण 1997 मध्ये स्टीव्ह जॉब्ज परतले आणि ते दार बंद झालं.

सुटे भाग आणून यंत्र उभं करणं कोल्हापूरला नवं नव्हतं. एकाकडे कास्टिंग, दुसऱ्याकडे मशिनिंग, तिसऱ्याकडे जुळणी, अशा पद्धतीनं उद्यमनगरात ऑइल इंजिनं तयार होत आली. 1991 नंतर आयात सैल झाल्यावर मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही तशाच जुळू लागल्या. वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, उडाला तर गावातच बदलून मिळे, रॅम पुढच्या वर्षी वाढवता येई. विंडोज बहुतेक वेळा ‘टाकून’ मिळे. या स्वस्ताईत चोरीच्या सॉफ्टवेअरचा वाटा मोठा होता, पण तो बिलावर दिसत नसे.

तरी खरा निकाल लावला तो धंद्याच्या सॉफ्टवेअरने. मार्केट यार्डातल्या अडत दुकानाला हिशेबाची टॅली लागते. ती विंडोजच्या आधीच्या डॉसवर वाढली, मग विंडोजवर आली, मॅकसाठी निघालीच नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांना ड्रॉइंगसाठी ऑटोकॅड हवं. ते 1990 च्या दशकात मॅकवरून गेलं आणि 2010 मध्ये परतलं. यंत्रांचे भाग त्रिमितीत डिझाइन करायचं सॉलिडवर्क्स तर आजही विंडोजवरच चालतं. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सवाल्यांचं कोरलड्रॉ 2000 च्या दशकात मॅक सोडून गेलं ते थेट 2019 मध्ये परत आलं. ज्या वर्षांत इथल्या टेबलांवर संगणक चढले, नेमक्या त्याच वर्षांत मॅककडे ही कामं नव्हती. मग तो कितीही देखणा असेना, घेऊन करायचं काय?

मराठीनेही पीसीचीच बाजू बळकट केली. सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेचं जिस्ट कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवलं की डॉसवर देवनागरी उमटे. पुढे विंडोजवर आयएसएम आणि श्रीलिपी ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरं आपापल्या फॉन्टसह आली. त्या फॉन्टचे संकेत वेगवेगळे, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडली की अक्षरांचा चिवडा. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत देणाऱ्या युनिकोडने हे मिटवलं खरं, पण जुन्या फाइली तशाच राहिल्या. प्रेसच्या कोपऱ्यात एखादा म्हातारा संगणक का ठेवलेला असतो, याचं उत्तर बरेचदा तिथं सापडतं. त्यात 2001 पासून एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा कोर्स आला आणि ‘कॉम्प्युटर येतो’ याचा अर्थ विंडोज आणि ऑफिस येतं, असाच झाला.

चित्र बदललं नोव्हेंबर 2020 मध्ये. ॲपलने इंटेल सोडून स्वतःची एम1 चिप आणली. एम1 मॅकबुक एअर भारतात 92,900 रुपयांना आला : पंखा नाही, बॅटरी दिवसभर. एव्हाना बरीच कामं ब्राउझरमध्ये गेली होती, त्यामुळे मॅक पहिल्यांदाच इथल्या हिशेबात बसू लागला. दुसऱ्या बाजूने 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. दहा वर्षांपूर्वी जुळवलेले अनेक संगणक त्यात बसत नाहीत.

माझ्या मते कॉम्प्युटर सायन्सच्या मुलाने मॅकचा विचार जरूर करावा. मेकॅनिकलच्या मुलाने करू नये, कारण त्याला सॉलिडवर्क्ससाठी विंडोज लागतं : इंटेलच्या मॅकवर ॲपलच्याच बूट कॅम्पने विंडोज चढवता येई, एम चिपच्या मॅकवर ती सोय नाही. दोघांनीही रॅम घेतानाच 16 जीबी घ्यावी. मॅकमध्ये ती कायमची बसवलेली असते आणि आता बऱ्याच पातळ विंडोज लॅपटॉपमध्येही तसंच असतं. ‘पुढच्या वर्षी वाढवू’ ही जुनी सोय हमखास मिळते ती आता असेंबल्ड डेस्कटॉपवरच.