येरवडा कारागृहातील आई-वडिलांशी मुलांची भेट: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

आई किंवा वडील येरवडा मध्यवर्ती कारागृहात अथवा तेथील महिला कारागृहात असतील, तर मुलाचा त्यांच्याशी संपर्क टिकवण्याचे चार मार्ग नियमांत आहेत: मुलाखत, फोन, गळाभेट आणि रजा. मुलाखतीची नोंदणी घरच्यांना करता येते. बाकी तिन्हींसाठी अर्ज सहसा बंद्याने आतून करायचा असतो, आणि त्याला जोडायचे कागद मात्र बाहेरच्यांनी पुरवायचे असतात. प्रकरण अडते ते बहुतेक वेळा याच दोन टोकांच्या मध्ये. आतल्याला वाटते घरच्यांनी लक्ष घातले नाही, घरच्यांना वाटते अर्ज कुणीतरी दाबून ठेवला, आणि प्रत्यक्षात मुलाच्या जन्मदाखल्यावरचे नाव कारागृहाच्या नोंदीशी जुळत नसते.

म्हणून सुरुवात नावापासून करावी. न्यायालयाच्या वॉरंटवर जे नाव असते, त्याच नावाने बंद्याची नोंद होते. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलण्याची पद्धत असल्याने जन्मदाखल्यावर आई ‘सुनीता’, वॉरंटवर ‘शुभांगी’ आणि आधार कार्डावर आडनावाचे तिसरेच स्पेलिंग, असे सर्रास घडते. अशा वेळी विवाह नोंदणी दाखला, नावबदलाचे राजपत्र किंवा दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे आणि त्यासोबत रेशनकार्डाची प्रत जोडावी. हे काम कंटाळवाणे असले तरी एकदा नीट झाले की पुढच्या प्रत्येक अर्जाला तीच फाइल पुरते.

मुलाखत

कच्चा कैदी, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे असा न्यायाधीन बंदी, आणि शिक्षा लागलेला पक्का कैदी, या दोघांनाही नातेवाइकांची मुलाखत मिळते. ती किती दिवसांनी मिळेल हे मात्र या वर्गवारीवर ठरते. भेटायला येऊ शकणाऱ्या नातेवाइकांची नावे बंद्याकडून घेतली जातात. त्या यादीत मुलांची नावे पहिल्याच वेळी घालायला सांगावे. पुष्कळदा फक्त पत्नीचे आणि भावाचे नाव दिलेले असते, आणि मुलाला आणल्यावर खिडकीवर प्रश्न उभा राहतो.

नोंदणी राष्ट्रीय कारागृह माहिती पोर्टलवरील ‘ई-मुलाखत’ या सुविधेतून करता येते. अर्जात भेटणाऱ्याचे नाव, पत्ता, नाते, ओळखपत्राचा क्रमांक, मोबाइल आणि ईमेल भरावा लागतो. त्याखाली राज्य, कारागृह आणि बंद्याचे नाव निवडायचे असते. प्रत्यक्ष भेट की व्हिडिओ कॉल, हेही तिथेच ठरवायचे. सोबत येणाऱ्या मुलाचे नाव त्याच अर्जात घालावे. अर्ज इंग्रजीतून भरायचा असल्याने बंद्याच्या नावाचे स्पेलिंग न्यायालयाच्या कागदावर पाहून उतरवावे, अंदाजाने लिहू नये. ओटीपी टाकल्यावर अर्ज नोंदला जातो आणि कारागृहाने मंजुरी दिल्यानंतरच भेटीचा दिवस पक्का होतो.

प्रत्यक्ष जाताना मोठ्या माणसाचे मूळ ओळखपत्र आणि मुलाचे आधार कार्ड (पाच वर्षांखालील मुलाचे निळे बाल आधार) सोबत असावे. आधार नसल्यास जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाइड दाखला न्यावा. मोबाइल आत नेता येत नाही. मुलाखत काचेआडून आणि इंटरकॉमवरून होते, याची मुलाला आदल्या दिवशी घरीच कल्पना द्यावी. चार वर्षांच्या मुलाला रिसीव्हर कानाला नीट धरता येत नाही, ते काचेवर हात आपटत राहते आणि मोजकी मिनिटे रडण्यात संपतात. घरात दोन खेळण्यातले फोन घेऊन सराव केलेला असला, तर निदान शाळेतली एखादी गंमत सांगून होते.

फोनची सोय वेगळी आहे. येरवड्यात २०२३ पासून बंद्यांसाठी स्मार्ट कार्डवर चालणारे फोन बसवले गेले. ज्या क्रमांकावर बोलायचे तो बंद्याने लेखी द्यावा लागतो आणि त्याची पडताळणी होते. मूल आजी-आजोबांकडे राहत असेल, तर आजीचाच क्रमांक नोंदवावा, कामावर गेलेल्या मामाचा नव्हे. सिम बदलले तर जुनी नोंद उपयोगाची राहत नाही.

गळाभेट

शिक्षाधीन बंद्यांना आपल्या सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना काचेशिवाय, जवळ घेऊन भेटता यावे म्हणून महाराष्ट्र कारागृह विभागाने ‘गळाभेट’ हा उपक्रम सुरू केला. ही रोजची सोय नाही. कारागृह प्रशासन दिवस ठरवते आणि त्याआधी बंद्याकडून अर्ज घेते. घरच्यांनी मुलाचा जन्मदाखला, आधार कार्ड आणि सोबत येणाऱ्या पालकाचे ओळखपत्र यांच्या प्रती आधीच देऊन ठेवाव्यात. माझ्या मते या चारही मार्गांत लहान मुलासाठी सर्वांत मोलाचा मार्ग हाच आहे, आणि दिवस जाहीर झाल्यावर कागद शोधायला लागलेल्यांची संधी हमखास हुकते.

सहा वर्षांखालील मूल आईसोबत कारागृहात राहू शकते. सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात २००६ साली दिलेल्या निर्देशांनुसार सहा वर्षे पूर्ण झालेले मूल आईच्या इच्छेप्रमाणे योग्य व्यक्तीकडे किंवा समाजकल्याण विभागाच्या संस्थेत दिले जाते, आणि संस्थेत असलेल्या मुलाला आठवड्यातून किमान एकदा आईला भेटू द्यावे लागते. कारागृहात असताना जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून कारागृह लिहिता येत नाही, हेही त्याच निर्देशांत आहे.

रजा

ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर मिळणारी संचित रजा आणि विशिष्ट कारणासाठी मिळणारी अभिवचन रजा, ज्यांना लोक फर्लो आणि पॅरोल म्हणतात, या फक्त शिक्षा लागलेल्यांसाठी आहेत आणि त्या राज्याच्या रजा नियमांनुसार मिळतात. काही गुन्ह्यांतील बंदी त्यांतून वगळलेले आहेत. मुलाचे गंभीर आजारपण हे अभिवचन रजेचे मान्य कारण आहे. त्यासाठी रुग्णालयाचे कागद आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. मुला-मुलीच्या लग्नासाठी तातडीची अभिवचन रजा मागता येते आणि तिथे लग्नपत्रिका जोडायची असते. रजेच्या अर्जावर स्थानिक पोलिस ठाण्याचा अहवाल मागवला जातो, जबाबदारी घेणारा नातेवाईक जामीनदार म्हणून उभा राहावा लागतो. पोलिस चौकशीला येतील तेव्हा जामीनदार घरी सापडला नाही, तर अहवाल प्रतिकूल जाण्याची शक्यता असते. म्हणून त्याला आधीच सांगून ठेवावे. कच्च्या कैद्याला या रजा लागू होत नाहीत, त्याने तात्पुरत्या जामिनासाठी न्यायालयाकडेच अर्ज करायचा असतो.

मूल खटल्यात साक्षीदार किंवा पीडित असेल, तर न्यायालयाची परवानगी घेतल्याशिवाय यांपैकी कोणताही अर्ज करू नये. मुलाला जायचे नसेल, तर त्याला ओढून नेण्यातही अर्थ नाही. त्या महिन्यात पत्र पाठवावे.

भेटीला येण्याचा खर्च हीसुद्धा अडचण असतेच. पालक कारागृहात असलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा असून मंजुरीचा आदेश बालकल्याण समिती देते. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, बँक पासबुक आणि घरासमोर मुलासोबत काढलेला पालकाचा फोटो एवढे कागद बाहेर जमतात. पालक कारागृहात असल्याचा दाखला मात्र कारागृह अधीक्षकांकडूनच घ्यावा लागतो. तो मागण्याचा अर्ज दोन प्रतींत लिहावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. अर्ज लिहिता येत नसेल, तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे किंवा विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करावा. महिला, मुले आणि कोठडीतील व्यक्ती यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.