पांढरं जाणं म्हणजे हाडं वितळणं नव्हे

"अंगावरून पांढरं जातं, म्हणजे हाडं वितळून चाललीत." चोपड्याकडं कापूस वेचायला जाणाऱ्या माझ्या मावशीनं हे इतकं मनावर घेतलं, की कॅल्शियमच्या गोळ्या कळण्याच्या पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवायची. कंबर मात्र दुखायची ती दुखायचीच. दिवसभर वाकून वेचणी केल्यावर दुसरं काय होणार?

हाडांचा याच्याशी काहीएक संबंध नाही. हा स्राव गर्भाशयाच्या मुखातून आणि योनीच्या अस्तरातून येतो. त्यात पाणी, झडलेल्या पेशी आणि उपयोगी जिवाणू असतात. पाळीच्या मधल्या दिवसांत आणि गरोदरपणात तो वाढतो. वास, खाज, दुखणं काही नसेल, तर बहुधा काळजीचं कारण नाही.

या समजुतीखाली खरं दुखणं झाकलं जातं, राग त्याचा येतो. दह्यासारखं जाऊन खाज सुटते ती बहुतेकदा बुरशीनं. माशासारखा वास येतो तो जिवाणूंचा तोल बिघडल्यानं. दोन्हींवर औषध आहे. मावशीनं खाज चार वर्षं सोसली! अशक्तपणाचं कारण तर रक्त तपासल्यावर कळलं: हिमोग्लोबिन ७, म्हणजे अंगात रक्त फारच कमी.

आणि पाळी कायमची गेल्यावर किंवा शरीरसंबंधानंतर रक्त दिसलं, तर वेचणी संपायची वाट पाहू नका. गर्भाशयाची आणि त्याच्या मुखाची तपासणी लगेच करून घ्या.