शस्त्रक्रियेनंतर पाळीव प्राण्याचा अकस्मात मृत्यू आणि शोक

उपचारासाठी नेलेला कुत्रा, मांजर वा ससा शस्त्रक्रियेनंतर दगावल्याने पाळणाऱ्याला होणारा शोक. दीर्घ आजारात मनाची थोडीफार तयारी झालेली असते. इथे सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात सोडलेला जीव संध्याकाळी नसतो. घरी त्याच्यासाठी अंथरलेली गोधडी मात्र तशीच असते.

असे मृत्यू विरळा. ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत (प्रसिद्धी २००८) भुलीशी निगडित मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांत ०.१७, मांजरांत ०.२४ आणि सशांत १.३९ टक्के आढळले. त्यांतले पुष्कळसे टेबलावर नव्हे, तर शस्त्रक्रिया आटोपल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत झाले होते. आतला रक्तस्राव, रक्ताची गुठळी, उलटी श्वासनलिकेत जाणे ही काही कारणे. मांजरांतला हृदयविकार तर पुष्कळदा आधी कसलीच चाहूल देत नाही. आतड्याचे टाके उसवून होणारा जंतुसंसर्ग तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, म्हणजे सगळे सुरळीत झाले असे वाटत असतानाच उद्भवू शकतो.

या शोकातले सर्वांत जड ओझे अपराधीपणाचे. संमतीपत्रावर सही आपणच केलेली असते, आणि ती डोळ्यांपुढून हलत नाही. ‘रात्री कण्हत होता, तेव्हाच न्यायला हवे होते’ हे वाक्य अशा घरांत पुन्हापुन्हा ऐकू येते. पण औषधाची गुंगी आणि ढासळणारी प्रकृती पहिल्या रात्री घरच्यांना सहज वेगळी ओळखता येत नाही; दोन्हींत प्राणी निपचित पडून राहतो, खात नाही. नंतर कळलेल्या गोष्टीवरून आधीच्या निर्णयाला दोष देणे अन्यायाचे आहे.

कारण जाणून घ्यायचे असल्यास शवविच्छेदनाचे लगेच विचारावे. तोवर देह थंड ठेवावा, गोठवू नये. तरीही उत्तर मिळेलच असे नाही: हृदयाची लय बिघडून आलेला मृत्यू शरीरात खूण ठेवतोच असे नाही.

शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या, समाज ज्याला शोक मानत नाही अशा शोकाच्या संकल्पनेत हे दुःखही बसते. ‘दुसरा आणा’ हा सल्ला म्हणूनच झोंबतो. लहान मुलांना ‘तो झोपला’ असे सांगू नये. त्यांना झोपेची, दवाखान्याची धास्ती बसू शकते. ‘तो मेला’ हेच सांगावे.

घरातला दुसरा प्राणीही सोबत्याला शोधत फिरतो, कमी खातो. मात्र मांजराने एक-दोन दिवस अन्नाला तोंडच लावले नाही, तर केवळ दुःख समजून वाट पाहू नये. उपाशी मांजराचे यकृत लवकर बिघडते.