खोली आत्ताच गेली: युरोपातील भेदभाव मोजण्याची पार्श्वभूमी

1966-67 मध्ये इंग्लंडात एक साधा पण खोचक प्रयोग झाला. भाड्याची खोली किंवा नोकरी मागायला एकाच ठिकाणी तिघे एकामागून एक जात: आधी वेस्ट इंडियन, मग हंगेरियन, शेवटी इंग्रज. हंगेरियन माणूस मुद्दाम घेतला होता. तोही परकाच, पण गोरा. त्यामुळे परकेपणा नडतो की कातडीचा रंग, हे वेगळं काढता आलं. उत्तर स्वच्छ होतं, रंग नडत होता. 'पोलिटिकल अँड इकॉनॉमिक प्लॅनिंग' या संस्थेने त्याच पाहणीत स्थलांतरितांच्या मुलाखतीही घेतल्या, त्यांत भारतीय आणि पाकिस्तानीही होते. 1965 चा वंशसंबंध कायदा फक्त सार्वजनिक जागांपुरता होता. 1968 मध्ये तो घरं, नोकऱ्या आणि सेवांना लागू झाला, त्यामागे या अहवालाचं वजन होतं.

इंग्लिश खाडीपलीकडे मात्र असं मोजणं अवघड होतं. तिथे 'तुमचा वंश कोणता' या प्रश्नालाच वाईट इतिहास आहे. नाझींनी ज्यू माणसं शोधली ती सरकारी नोंदवह्यांतून. म्हणूनच 27 मार्च 1943 ला डच क्रांतिकारकांनी ॲमस्टरडॅमच्या लोकसंख्या नोंदणी कार्यालयावर हल्ला करून तिथली कार्डं पेटवली. फ्रान्समध्ये 1978 पासून वांशिक माहिती गोळा करण्यावर कायद्याचे कडक निर्बंध आहेत. 2008-09 च्या तिथल्या मोठ्या पाहणीला आई-वडिलांचा जन्म कुठला, त्यांचं नागरिकत्व कोणतं, अशा आडवाटेने जावं लागलं. मोजलं तर शिक्का बसतो, न मोजलं तर अन्याय दिसत नाही. जातगणनेवरचे आपल्याकडचे वाद ऐकलेल्यांना हा पेच नवा नाही.

युरोपीय संघाने 1997 मध्ये व्हिएन्नात वंशवादावर नजर ठेवणारं केंद्र काढलं, आणि 29 जून 2000 रोजी वांशिक समानतेचा निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम, मंजूर केला. कायदा आला, पण तो चालतो का हे कसं कळणार? प्रत्येक देशाची आकडेवारी वेगळी, कुठे ती नाहीच. 2007 मध्ये त्या केंद्राच्या जागी मूलभूत हक्क संस्था आली. तिने 2008 मध्ये 27 देशांत सुमारे 23,500 स्थलांतरित व अल्पसंख्याकांना एकच प्रश्नावली विचारली. हीच 'ईयू-मिडिस' पाहणी. या लोकांची तयार यादी कुठेच नसल्याने मुलाखतकार अनेक ठिकाणी ठरावीक वस्त्यांतून घरोघर फिरले. प्रश्न नेहमीच्या जगण्यातले होते: नोकरी शोधताना, घर घेताना, दवाखान्यात, शाळेत, दुकानात, बँकेत काय अनुभव आला?

रोमा, म्हणजे युरोपात पूर्वी 'जिप्सी' म्हटल्या जाणाऱ्या समाजाच्या लोकांपैकी जवळजवळ निम्म्यांनी गेल्या बारा महिन्यांत भेदभाव सोसल्याचं सांगितलं. मला त्याहून बोलका वाटतो तो दुसरा आकडा: भेदभाव सोसलेल्यांपैकी 82 टक्क्यांनी अलीकडच्या प्रसंगाची तक्रार कुठेच केली नव्हती. 2015-16 मध्ये दुसरी फेरी झाली, 25,500 हून अधिक मुलाखतींची. त्यातही शेवटच्या प्रसंगाची तक्रार करणारे 12 टक्केच निघाले. म्हणजे तक्रारवही कोरी आहे म्हणून सगळं आलबेल आहे, हा अधिकाऱ्यांचा आवडता युक्तिवाद दोनदा कोसळला. आफ्रिकी वंशाच्या लोकांवरचा याच संस्थेचा 13 देशांचा अहवाल 2023 मध्ये आला. मुलाखतीआधीच्या पाच वर्षांत भेदभाव अनुभवल्याचं सांगणारे मागच्या फेरीतल्या 39 वरून 45 टक्क्यांवर गेले होते, जर्मनी आणि ऑस्ट्रियात तर 70 टक्क्यांच्या वर.

अनुभवाच्या पाहणीत एक उणीव मात्र उरतेच. ती इंग्लंडातल्या त्या पहिल्या प्रयोगानेच दाखवून दिली होती: लोक सांगत होते त्याहून प्रत्यक्षातला भेदभाव जास्त होता. 'खोली आत्ताच गेली हो' असं घरमालक हसून म्हणाला, तर परतणाऱ्याला कळणार कसं, की तीच खोली पुढच्या गोऱ्या माणसाला मिळाली?