जेटीच्या लाईनीत एसी लावून थांबलात आणि गाडी तापली, तर आधी फॅन बघा

मे महिन्यात आणि गणपतीत आमच्या गॅरेजला एकच तक्रार सारखी येते. गाडी हायवेला मस्त पळते, एसी पण गारेगार, पण दाभोळच्या जेटीला फेरीबोटीच्या लाईनीत लावली की थोड्या वेळात एसीची हवा कोमट होते आणि मागोमाग टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागतो.

गाडी पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरवर आपोआप येतो, उभी राहिली की जो काय वारा मिळेल तो फक्त फॅनचा, आणि त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला असतो, केबिनमधली गरमी तो तिथंच सोडतो, म्हणजे रेडिएटरला मिळते तीच मुळात तापलेली हवा. म्हणून नुसती उभी असतानाच तापत असेल तर पहिला संशय वाऱ्यावर. परशुराम घाट चढताना पण तापते म्हणालात तर मग कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), थर्मोस्टॅट (कुलंट रेडिएटरकडे कधी सोडायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह), वॉटर पंप नाहीतर आतून चोक झालेला रेडिएटर.

घरी एवढं करून बघा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून चालू करा, एसी लावा, बोनेट उघडा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात फॅन फिरायला लागतो. समोरच्या जाळीला एक कागद लावा, फॅन नीट ओढत असेल तर कागद चिकटून राहतो, गळून पडला तर फॅन कमी पडतोय किंवा मध्ये कचरा अडकलाय. हात मात्र फॅनजवळ नेऊ नका, काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही तो अचानक सुरू होतो.

आपल्याकडे खारा वारा. फॅनचा कनेक्टर सोडवला की पिना हिरव्या पडलेल्या दिसतात, करंट अर्धवट जातो, फॅन फिरतो पण जोर नसतो. कधी रिले (फॅनला करंट देणारा स्विच) गेलेला, कधी दोन स्पीडपैकी एकच चालू. आणि कंडेन्सर समोरून अगदी स्वच्छ दिसतो हो, पण तो आणि रेडिएटर वेगळे केले की मधल्या फटीत जांभ्याची लाल माती, आंब्याचा पाला, किडे, सगळ्याचा गोधडीसारखा थर बसलेला असतो. तो हलक्या पाण्यानं धुवायचा, वॉशिंगचा जोरदार फवारा जवळून मारलात तर फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) आडव्या होतात आणि होता तोही वारा बंद.

"थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणारच नाही" असं कोणी सांगितलं तर कृपया ऐकू नका. इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त जातं, आणि फॅन बंद असेल तर गाडी तरीही तापतेच. तसंच विहिरीचं पाणी टॉपअपला नको, आत क्षार धरतात, कंपनीनं सांगितलेलं कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरा. बाटलीतली लेव्हल सारखी खाली जात असेल, कुलंटमध्ये बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट (इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील) तपासायला लागेल, तेव्हा गाडी चालवत आणू नका, फोन करा.

रस्त्यात काटा वर गेला तर एसी बंद, हीटर फुल, जागा मिळेल तिथं बाजूला घ्या. काटा उतरत नसेल तर इंजिन बंद करा. रेडिएटरची कॅप गरम असताना अजिबात उघडू नका, आत प्रेशर असतं, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणी पण ओतू नका.

आमच्याकडे आणताना शक्यतो सकाळी गाडी थंड असताना आणा आणि किती वेळ उभी राहिल्यावर काटा चढतो, एसी बंद केला की उतरतो का, हे सांगा, आमचा निम्मा वेळ वाचतो आणि तुमचा विनाकारण खर्च.