रेटिनॉल आणि ट्रेटिनॉइन: कूळ एक, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही

चाळिशी ओलांडली की चेहऱ्यासाठी ही दोन नावं हमखास कानावर येतात. दोन्ही अ जीवनसत्त्वाच्या कुळातली, दोन्ही रात्री लावायची, दोन्हींनी सुरुवातीला त्वचा सोलवटते. मग ट्यूबवरचे आकडे वाचून घोळ होतो. रेटिनॉल १ टक्का आणि ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, म्हणजे पहिलं कितीतरी पट जोरकस असं वाटतं. खरं तर तेवढ्याच प्रमाणात घेतलं तर ट्रेटिनॉइनच जास्त तीव्र आहे.

त्वचेच्या पेशींवर खरा परिणाम करतं ते रेटिनॉइक आम्ल, आणि ट्रेटिनॉइन म्हणजे तेच आम्ल, थेट तयार स्वरूपात. रेटिनॉलला मात्र पेशीत शिरल्यावर दोन पायऱ्या चढाव्या लागतात: आधी त्याचं रेटिनाल्डिहाइड होतं, मग रेटिनॉइक आम्ल. वाटेत त्यातला बराच भाग साठवणीच्या रूपात अडकतो आणि आम्ल थोडंच तयार होतं. म्हणून दोघांचे टक्के एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

एकदा आम्ल मिळालं की पुढचं काम सारखंच. तरुणपणी वरच्या थराच्या पेशी साधारण चार आठवड्यांत बदलतात. वय वाढतं तशी ही गती मंदावते, मृत पेशी रेंगाळतात आणि चेहरा निस्तेज दिसतो. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं, त्यामुळे पहिल्या काही वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, तेही झपाट्याने कमी होतं. रेटिनॉइक आम्ल पेशींची उलाढाल वाढवतं, नवं कोलॅजेन बनायला चालना देतं आणि त्याची मोडतोड करणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) आवर घालतं. बारीक सुरकुत्या आणि डाग त्याने फिके होतात. सैल पडलेली कातडी मात्र कोणत्याच क्रीमने ताणली जात नाही.

पुराव्याचं पारडं ट्रेटिनॉइनकडे जड आहे. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मुरुमांवरचा आणि १९८६ मध्ये उन्हाने वृद्ध झालेल्या त्वचेवरचा त्याचा परिणाम मांडला. रेटिनॉलवरचे अभ्यास कमी, पण त्याचा उपयोग होतो हे त्यांतूनही दिसतं. फक्त ते सावकाश चालतं आणि कमी छळतं. ट्रेटिनॉइन हे औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावं. रेटिनॉल सौंदर्यप्रसाधनांत येतं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये चेहऱ्याच्या प्रसाधनांसाठी रेटिनॉलची मर्यादा ०.३ टक्के ठरवली. तेव्हा मोठा आकडा म्हणजे चांगलं, हा हट्ट सोडलेला बरा.

त्वचा कोरडी, पटकन लाल होणारी असेल तर ०.१ ते ०.३ टक्के रेटिनॉलने सुरुवात करावी. डाग ठळक असतील, त्वचा बऱ्यापैकी सोसणारी असेल आणि डॉक्टरांशी बोलणं झालं असेल, तर ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन. दोन्ही एकत्र लावू नयेत; त्याने गुण वाढत नाही, आग तेवढी वाढते.

लावायची पद्धत दोन्हींना सारखीच. सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यावा. ट्रेटिनॉइनसाठी २० ते ३० मिनिटं थांबावं, कारण ओल्या त्वचेत ते जास्त शिरतं आणि चुरचुरतं. पूर्ण चेहऱ्याला मटारच्या दाण्याएवढंच पुरे. कपाळ, गाल, हनुवटीवर ठिपके देऊन पसरावं. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांची टोकं यांवर आधी व्हॅसलीन लावावं. पापुद्रे पहिल्यांदा तिथेच सुटतात. वरून मॉइश्चरायझर. त्वचा नाजूक असेल तर मॉइश्चरायझर आधी आणि नंतर असं दोन्ही वेळा. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन रात्री, मग दिवसाआड, आणि सोसलं तरच रोज. त्या रात्री ग्लायकोलिक आम्ल (मृत पेशी सोलून काढणारं) किंवा स्क्रब नको. चेहऱ्याचं वॅक्सिंग करायचं असेल तर आठवडाभर आधी थांबावं.

बरेच लोक पहिल्या काही आठवड्यांतच हे सोडून देतात, आणि साधा त्रास कोणता, धोक्याचा कोणता हे नेमकं तेव्हाच ओळखता यायला हवं. हलका लालसरपणा, बारीक पापुद्रे, थोडा ताण अपेक्षित आहे. एखादी रात्र गाळावी, पण सोडू नये. सतत आग, सूज, खाज, पाणी सुटणं हे मात्र सवय होण्याचं लक्षण नव्हे. तिथे लगेच थांबून साधं मॉइश्चरायझर लावावं आणि डॉक्टरांना दाखवावं. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत अशी जळजळ मागे काळे डाग ठेवून जाते, म्हणजे ज्यासाठी सुरू केलं त्याच्या उलटच होतं.

सकाळी किमान एसपीएफ ३०चं सनस्क्रीन हवंच, चेहरा आणि मानेला दोन बोटांवर रेघा मारून येईल तेवढं. ते टाळलं तर रात्री कमावलेलं दिवसा ऊन हिरावून घेतं. गरोदरपणात किंवा त्याची तयारी सुरू असताना दोन्ही बंद. पाळी अनियमित झाली म्हणजे गर्भ राहणार नाही असं धरून चालू नये.

ट्रेटिनॉइनचा फरक साधारण तीन ते सहा महिन्यांत दिसू लागतो, रेटिनॉलला त्याहून जास्त धीर लागतो. वर्षभरानंतर त्वचा रुळली की ट्रेटिनॉइनच्या आठवड्यातून तीन रात्रीही मिळवलेलं टिकवायला पुरतात.