काकडीनेही चालते टचस्क्रीन

टचस्क्रीनला बोटाची ऊब कळते, असं पुष्कळांना वाटतं. काहींच्या मते दाब कळतो. घरच्या घरी तपासून पाहा. फ्रीजमधल्या काकडीचा तुकडा हातात धरा, कापलेली बाजू कोरडी पुसा आणि फोनच्या स्क्रीनवर हलकेच फिरवा. बहुतेक फोनवर पान सरकतं. पेनचं प्लास्टिकचं टोपण मात्र कितीही दाबलं, तरी काही होत नाही.

काकडीतल्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे तिच्यातून वीज वाहते आणि तुमच्या हातापर्यंत वाट जुळते. टचस्क्रीनचा दाखला देऊन कुणी शरीरातली ‘जैवऊर्जा’ सिद्ध करू लागलं, तर अजिबात विश्वास ठेवू नका.

धारकतेवर, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर चालणाऱ्या अशा स्क्रीनची कल्पना ब्रिटनमधल्या माल्व्हर्नच्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली मांडली, तीही विमान वाहतूक नियंत्रणासाठी. आजच्या फोनमध्ये काचेखाली बहुधा इंडियम टिन ऑक्साइडच्या आडव्या-उभ्या पट्ट्या असतात. हा पदार्थ पारदर्शक असूनही वीजवाहक आहे. पट्ट्या एकमेकींना टेकत नाहीत, मध्ये विद्युतरोधक असतो. म्हणजे प्रत्येक छेदापाशी शाळेत शिकलेला धारक तयार झाला! त्याची धारकता साधारण एक पिकोफॅरड, म्हणजे फॅरड या धारकतेच्या एककाचा एक लाख कोटीवा भाग.

चिप आडव्या पट्ट्यांना विद्युत स्पंद देते आणि प्रत्येक उभ्या पट्टीवर किती विद्युतभार आला ते मोजते. दोन पट्ट्यांमधल्या विद्युत क्षेत्राच्या काही रेषा काचेतून वर येऊन पुन्हा खाली उतरतात. बोट जवळ आलं की त्यातल्या काही बोटाकडे वळतात, उभ्या पट्टीवरचा भार घटतो. धारकतेतली ही घट पिकोफॅरडच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते, आणि चिप ती सेकंदाला ६० किंवा त्याहून जास्त वेळा अख्ख्या स्क्रीनवर शोधते.

मला सर्वांत जास्त आवडतो तो यापुढचा भाग. पट्ट्यांमध्ये चार-पाच मिलिमीटरचं अंतर असतं, तरी बोटाची जागा मिलिमीटरपेक्षाही बारकाईने कळते. बोट एकाच वेळी अनेक छेदांवर पसरतं, कुठे घट जास्त, कुठे कमी. या आकड्यांची भारित सरासरी काढली की बोटाचा मध्य दोन पट्ट्यांच्या अधेमधेही सापडतो. शिवाय प्रत्येक छेद वेगळा मोजल्यामुळे दोन बोटंही स्वतंत्र ओळखता येतात. नुसती प्रत्येक पट्टी मोजली, तर दोन बोटांमुळे दोन आडव्या आणि दोन उभ्या पट्ट्या जाग्या होतात, त्यांचे छेद चार, आणि त्यातले दोन खोटे.

पावसात फोन वेडावाकडा का वागतो, तेही यातूनच कळतं. पाण्याचा थेंबही क्षेत्ररेषा हलवतो. पण सुटा थेंब जमिनीशी जोडलेला नसतो, म्हणून छेदांऐवजी प्रत्येक पट्टीची जमिनीच्या तुलनेतली स्वतःची धारकता मोजली तर तो फारसा जाणवत नाही, बोट मात्र ठळक जाणवतं. काही फोन छेदांचं आणि पट्ट्यांचं अशी दोन्ही मोजमापं ताडून पाहतात आणि थेंबाचा स्पर्श सोडून देतात.